मागितलेलें रोप आणि विकतचें रोप

माघाची थंडी ओसरून उन्हास किंचित् धार येऊं लागली कीं, सदाशिव पेठेंतील आम्हां पांचसहा स्नेह्यांस एक वार्षिक वेड लागतें. एखाद्या रविवारीं भल्या सकाळीं चहा घेऊन आम्ही घराबाहेर पडतों. सोलापूरच्या रस्त्यानें हडपसर व मांजरी मागें टाकून उरुळी कांचनच्या बाजूस ज्या रोपवाटिका आहेत, आणि ज्यांस आतां लहानथोर सारेच 'नर्सरी' म्हणतात, त्यांत दुपारपर्यंत हिंडतों. आणि मोगरा, जास्वंद, गुलाब, कढीलिंब, असें जें जें मनांत भरेल तें तें घेऊन, गाडींत एकमेकांच्या मांडीवर रोपांच्या पिशव्या ठेवून, मातीनें भरलेल्या कपड्यांनिशीं परत येतों. गॅलरींत पाय ठेवावयास जागा नसतांना हीं झाडें कोठें ठेवणार, असा प्रश्न घरची मंडळी दरवर्षीं विचारतात, आणि आम्हीहि दरवर्षीं त्याचें तेंच उत्तर देतों कीं, होईल कांहीं तरी सोय.

यंदाच्या फेरींत आमच्यांतील एका स्नेह्याच्या वृद्ध मातोश्री हौसेनें बरोबर आल्या होत्या. सारा बाजार त्यांनीं शांतपणें पाहिला, चारदोन पानें चुरगळून वास घेतला, आणि परततांना त्या सहज म्हणाल्या, "आमच्या वाड्यांत एवढीं झाडें होतीं, पण त्यांतलें एकहि कोणीं विकत आणल्याचें मला आठवत नाहीं." बोलण्यांत टीकेचा सूर मुळींच नव्हता. पण हें वाक्य आमच्या मनांतून जाईना. रोप विकत घेण्याची ही चाल आपल्या पुण्यांत आली केव्हां? ती येण्यापूर्वीं पेठेंतल्या बागा कशा चालत? आणि या फेरबदलांत आपण मिळविलें काय व घालविलें काय? पुढील मजकूर म्हणजे या तीन प्रश्नांचा आम्हांस सुचलेला जबाब आहे.

प्रथम पुण्यांतील नांवांकडेच पाहूं. तुळशीबाग, बेलबाग, रमणबाग, विश्रामबाग, हिराबाग, सारसबाग. या शहरांत नांवानें जितक्या बागा आहेत तितक्या मातीनें उरलेल्या नाहींत. तुळशीबागेंत आज बांगड्या, भांडीं आणि भातुकली मिळतात. तुळशी मात्र शोधाव्या लागतील. खासगीवाल्यांच्या ज्या बागेवरून हें नांव पडलें असें सांगतात, तेथें नारो आप्पाजी खिरे यांनीं १७६१ मध्यें राममंदिराचें काम आरंभिलें, आणि बाग गेली तरी तिचें नांव देवळाला व पुढें बाजाराला चिकटून राहिलें. बेलबाग ही नाना फडणिसांच्या विष्णुमंदिराची जागा. पर्वतीच्या तळ्याकांठचा हिराबाग नानासाहेब पेशव्यांचा. त्याच तळ्यांतल्या बेटावर सवाई माधवरावांच्या काळीं, १७८४ मध्यें, गणपतीची स्थापना झाली. तें तळें आतां नाहीं. त्याच्या जागीं सारसबाग हें महापालिकेचें उद्यान आहे, म्हणजे नांवाप्रमाणें खरोखर बाग असलेलें असें हें विरळा स्थळ होय.

पानिपतांत पडलेल्या सदाशिवरावभाऊंच्या नांवानें वसलेली आमची पेठहि या बाबतींत मागें नाहीं. दुसऱ्या बाजीरावानें १८०७ च्या सुमारास बांधविलेला विश्रामबाग वाडा आमच्याच पेठेंत येतो. पेरूगेट हें नांव तर बागेच्या दाराचीच आठवण करून देतें. या बाजूस पेरूच्या बागा होत्या आणि त्यांच्या दरवाजावरून हें नांव रूढ झालें, असें जुनीं माणसें सांगतात. आज तेथें उभें राहिलें असतां पेरू दिसलाच तर तो हातगाडीवर, तिखटमीठ लावलेला दिसतो.

पण या नांवाजलेल्या बागा श्रीमंतांच्या किंवा देवांच्या होत्या. सामान्य गृहस्थाची बाग त्याच्या घराच्या मागल्या दारीं होती, आणि ती समजावयाची तर आधीं पाण्याची कथा समजली पाहिजे. नानासाहेब पेशव्यांनीं १७५० च्या सुमारास कात्रजच्या तलावाचें पाणी दगडी बंद नळानें शहरांत आणविलें. या नळावर जागोजागीं हवा खेळण्यासाठीं व गाळ काढण्यासाठीं उच्छ्वास बांधलेले होते, आणि शहरांत तें पाणी निरनिराळ्या हौदांत पडत असे. सदाशिव पेठेंतील हौद आज चौकाचें नांव म्हणूनच बहुतेकांस माहीत असला, तरी हौदावरून किंवा वाड्यांतल्या आडावरून घागरीनें पाणी आणणें हा एके काळीं पेठेच्या दिनचर्येचा मोठा भाग होता. डोक्यावरून आणलेलें पाणी कोणी शोभेच्या झाडास घालीत नाहीं. तें आधीं देवास, मग स्वयंपाकास, मग स्नानास, मग भांड्यांस, आणि सर्वांत शेवटीं झाडांस. म्हणून न्हाणीच्या मोरीचें पाणी जेथें बाहेर पडे तेथें केळ आणि अळू; भांडीं घासण्याच्या जागेजवळ कर्दळ; आणि आडाच्या कांठीं, जेथें पोहऱ्याचें सांडलेलें पाणी मुरे, तेथें जास्वंद, तगर किंवा अनंत. बागेची ही आंखणी कोणा माळ्यानें केलेली नव्हती. सांडपाण्याच्या वाटेनें ती आपोआप झालेली होती.

या बागेंत झाड निवडलें जाई तेंहि गरजेवरून. पारिजातक, कण्हेर, कुंद, सोनचाफा हीं देवासाठीं. बेल श्रावणी सोमवारासाठीं. तुळस तर वृंदावनांत प्रत्येक घरीं. मंगळागौरीस सोळा प्रकारची पत्री लागते, आणि गणेशचतुर्थीस एकवीस. एकाच वाड्यांत इतक्या जातींचीं झाडें असणें शक्य नव्हतें. त्यामुळें एका परसांत आघाडा व माका, दुसऱ्यांत डाळिंब, तिसऱ्यांत शमी, अशी वांटणी न सांगतां झालेली असे, आणि त्या त्या सणाच्या आदल्या दिवशीं मुलींचे घोळके परडी घेऊन या दारांतून त्या दारांत जात. बाग घराची असली तरी पत्री आळीची होती.

रोपांचा व्यवहारहि असाच चाले. कोणाच्या घरीं मोगऱ्याचा वेल चांगला फुललेला दिसला कीं, 'पावसाळ्यांत एक फांदी द्या' असें सांगून ठेवावयाचें. मृग निघाला, जमिनींत दोन बोटें ओल गेली, कीं ती फांदी घरपोंच येई. देणाऱ्याचें झाड छाटणीनें अधिक फुटे, घेणाऱ्यास रोप मिळे, आणि दोन घरांत बोलण्यास एक विषय वाढे. चोरून आणलेलें रोप अधिक जोमानें लागतें, अशीहि एक समजूत आपल्याकडे आहे. तिच्यामागचें शहाणपण कदाचित् एवढेंच असावें कीं, शेजारच्या अंगणांतलें रोप त्याच मातीस व त्याच पाण्यास मुरलेलें असतें, म्हणून तें मरत नाहीं.

येथें एक गोष्ट लक्षांत ठेवली पाहिजे. हा सारा व्यवहार वसंतांतला नव्हे, तर पावसाळ्यांतला. आपल्या देशावर वसंत हा लावणीचा ऋतु नाहीं. चैत्रांत पुण्याचें ऊन चढूं लागतें. कडुनिंब मोहरतो, करंजास पोपटी पालवी येते, आंब्याला कैऱ्या धरतात, मोगऱ्यास कळ्या येऊं लागतात. पण नवें रोप मातींत घालावें असे हे दिवस नव्हेत. आपल्या आज्या-पणज्यांचा वसंत हा बसून उपभोगण्याचा होता. चैत्र शुद्ध तृतीयेस गौर झोपाळ्यांत बसे ती अक्षय्यतृतीयेपर्यंत. त्या महिन्याभरांत घरोघरीं हळदीकुंकू, कैरीची डाळ, पन्हें, भिजलेले हरभरे, आणि गौरीभोंवतीं घरांतलीं असतील नसतील तीं फुलें व कुंड्या मांडून केलेली आरास. स्त्रियांनीं एकमेकींचीं झाडें पाहावयाचीं, कौतुक करावयाचें, आणि मृगांत कोणतें मागावयाचें तें मनांत ठरवावयाचें, तें याच बैठकींत. अक्षय्यतृतीयेस आळीं करून त्यांत पडवळ, दोडका, भोपळा यांचें बीं टाकण्याची चाल आहे; ती देखील पाऊस येईपर्यंत वेल मांडवास लागावा एवढ्यासाठींच. तेव्हां मैत्रिणींनीं मिळून वसंतांत बागेचा आनंद घेणें, ही गोष्ट पेठेस नवी नाहीं. नवी आहे ती त्या आनंदांतली खरेदी.

मात्र जुन्या व्यवस्थेचें वर्णन करतांना ती सारी देण्याघेण्याचीच होती असें म्हणणें इतिहासास सोडून होईल. पेठेंतल्या घरांस पुरतीं फुलें परसांत होत. पण देवळें, वाडे आणि दरबार यांस लागणारीं ढीगभर फुलें दुसऱ्या कोणाच्या तरी श्रमांतून येत. जोतीराव फुले यांच्या घराण्याचें मूळचें आडनांव गोऱ्हे. त्यांचे वडील व चुलते पेशवाईच्या अखेरीस दरबारास फुलें पुरवीत, आणि त्या कामावरूनच घराण्यास फुले हें नांव पडलें. ज्या शहराला बागांचीं नांवें एवढीं प्रिय, त्यानें बाग राखणाऱ्या हातांचीं नांवें मात्र क्वचितच टिपून ठेवलीं. त्यांतलें एक नांव १८२७ मध्यें जन्मलेल्या जोतीरावांनीं अजरामर केलें. पुढें त्यांनीं मांजरी येथें जमीन घेऊन कालव्याच्या पाण्यावर शेती केली. आज आम्ही रोपें आणावयास ज्या रस्त्यानें जातों तो त्याच बाजूस जातो, हा योगायोग आम्हांस दरवेळीं आठवतो. मंडईलाहि, जी १८८६ मध्यें रे मार्केट या नांवानें उघडली, आज त्यांचेंच नांव आहे.

दुसरी एक भोळी समजूतहि येथेंच दूर केलेली बरी. वाड्यांतलीं झाडें तेवढीं अस्सल देशी, आणि विकतचीं तेवढीं परकी, असा भेद कित्येक करतात. पण दसऱ्याच्या तोरणांतला झेंडू मूळचा मेक्सिकोकडचा, निशिगंध तिकडचाच, संध्याकाळीं उमलणारी गुलबाक्षी दक्षिण अमेरिकेची, देवळापुढचा खुरचाफा अमेरिकेचा, सदाफुली मादागास्करची, आणि ज्याच्या नांवानें आमचा पेरूगेट ओळखला जातो तो पेरूहि अमेरिकेंतूनच आलेला. पोर्तुगीजांच्या व इतर दर्यावर्दी लोकांच्या गलबतांतून ज्या वनस्पती हिंदुस्थानच्या किनाऱ्यास लागल्या, त्यांतील कित्येक हातोहात घाट चढून आल्या आणि दोनतीन पिढ्यांत देवपूजेपर्यंत पोंचल्या. त्यांचें गोत्र कोणीं विचारलें नाहीं. ज्या झाडाची फांदी शेजारणीनें दिली तें झाड आपलें, एवढाच नियम होता, आणि आमच्या मतें तो चांगला नियम होता.

हा नियम बदलण्यास सुरुवात झाली ती पेशवाई बुडाल्यावर. १८१८ नंतर पुण्यास इंग्रजांची लष्करी छावणी स्थिर झाली, आणि त्यांच्याबरोबर बागेची एक निराळी कल्पना आली. मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम याच्या कारकीर्दींत, १८२८ मध्यें, पुण्याजवळ दापोडी येथें सरकारी वनस्पति-उद्यान सुरू झालें. या उद्यानाचा हेतु शोभेचा नव्हता. निरनिराळ्या देशांतील उपयुक्त झाडें येथें लावून पाहावीं, आणि जीं टिकतील त्यांचीं रोपें व बियाणें इतरत्र पाठवावें, असा तो होता. पुढें पुष्कळ वर्षें डॉक्टर अलेक्झांडर गिब्सन हे त्याचे अधीक्षक होते. त्यांनीं १८४७ ते १८५० च्या दरम्यान एका हिंदी-पोर्तुगीज चित्रकाराकडून तेथील वनस्पतींचीं रंगीत चित्रें काढवून घेतलीं. तीं आज एडिंबरोच्या वनस्पति-उद्यानांत जपून ठेवलेलीं आहेत. झाडांचीं शास्त्रीय नांवें चित्रांवर आहेत, चित्रकाराचें नांव मात्र कोणीं लिहून ठेवलें नाहीं. बागेच्या इतिहासांत हा प्रकार पुन्हां पुन्हां दिसतो.

दापोडीनंतर दोनच वर्षांनीं, १८३० मध्यें, पश्चिम हिंदुस्थानची कृषि व उद्यान संस्था निघाली. एम्प्रेस गार्डनची व्यवस्था आजहि हीच संस्था पाहते, आणि जानेवारीच्या अखेरीस तेथें भरणारें तिचें पुष्पप्रदर्शन पुणेंकरांच्या वार्षिक कार्यक्रमांपैकीं एक होऊन बसलें आहे. खडकवासल्याचें धरण एकोणिसाव्या शतकाच्या आठव्या दशकाच्या अखेरीस पुरें झालें, त्याचा कालवा पर्वतीच्या पायथ्यावरून शहराच्या पूर्वेकडे गेला, आणि जेथें पूर्वीं आडाचें पाणी पुरत नव्हतें तेथें बारमाही बागाईत शक्य झाली. १८७३ मध्यें गणेशखिंडींत दुसरें वनस्पति-उद्यान उभें राहिलें. त्याचे अधीक्षक वुड्रो यांनीं हिंदुस्थानांतील बागकामावर लिहिलेलें पुस्तक पुष्कळ वर्षें हौशी लोकांच्या हातीं होतें. १८८४ मध्यें पेस्तनजी पोचा यांची बियाण्यांची पेढी पुण्यांत निघाली. बाग ही आतां यादी पाहून, किंमत देऊन, टपालानें मागविण्याची वस्तु झाली.

या नव्या बागेबरोबर एक नवा वसंतहि आला. विलायतेंत हिंवाळा सरतांना बीं पेरतात आणि उन्हाळ्यांत फुलें पाहतात. फ्लॉक्स, पिटुनिया, अॅस्टर, स्वीटपी या जातींना पुण्याचा उन्हाळा सोसवत नाहीं. म्हणून इंग्रज बागवानांनीं पाऊस संपतांच, आश्विनाच्या सुमारास, बीं पेरावयाचें आणि पौष-माघांत फुलें घ्यावयाचीं असा क्रम घातला. त्यांनीं आपला वसंत उचलून आमच्या थंडींत ठेवला म्हणाना! प्रदर्शन जानेवारींत भरतें त्याचें कारण हें. तेव्हांपासून पुण्यास दोन वसंत झाले: एक पंचांगांतला, चैत्राचा, आंब्याच्या मोहराचा व गौरीच्या झोपाळ्याचा, आणि दुसरा कुंड्यांतला, माघाचा, रंगीबेरंगी ताटव्यांचा. आम्ही माघांत प्रदर्शन पाहून भारावतों आणि फाल्गुन-चैत्रांत रोपें आणतों, म्हणजे एका वसंतांत पाहून दुसऱ्यांत खरेदी करतों. मग वैशाखांत तीं रोपें वाळलीं कीं, दोष आपल्या हाताच्या गुणास देतों.

वाड्यांत हा नवा प्रकार हळूहळू शिरला. प्रथम बंगलेवाल्यांनीं तो उचलला. मग वाड्यांतल्या बिऱ्हाडकरूंनीं, ज्यांच्या वांट्यास परसू नव्हतें, त्यांनीं कठड्यावर तेला-तुपाच्या रिकाम्या डब्यांतून गुलाब लावून आपली हौस भागविली. विकतच्या रोपाचा हा गुण मान्य केला पाहिजे. मागण्यास ओळख लागते; आणि ओळख, जात, आळी यांच्या कुंपणाबाहेरच्या माणसास जुन्या बागेंत फांदी मिळेलच असें नव्हतें. पैशास मात्र आडनांव नसतें. परगांवाहून एका खोलींत राहावयास आलेल्या कारकुनास चार आण्यांत गुलाब मिळूं लागला, ही कांहीं लहान गोष्ट नव्हे.

नंतर १९६१ सालच्या १२ जुलैस पानशेतचें धरण फुटलें. नदीकांठच्या पेठांतले असंख्य वाडे त्या पुरांत बसले, आणि जे वांचले त्यांचाहि काळ तेव्हांपासून फिरला. पुढच्या दशकांत पेठेंतले वाडे एकामागून एक पाडले जाऊन त्यांच्या जागीं चार मजली इमारती आल्या. यांत कोणाला दोष देण्यासारखें फारसें नाहीं. भाडें नाममात्र, भिंती पडावयास आलेल्या, वारसदार डझनभर. माणसांस राहण्यास सुरक्षित जागा हवीच होती. पण परसू गेलें तें गेलेंच. बाग जमिनीवरून उठून गॅलरींत आली, आणि मातीहि विकत घ्यावी लागूं लागली.

आमच्या स्वतःच्या अज्ञानाची एक कथा येथें सांगण्यास हरकत नाहीं. चारपांच वर्षांपूर्वीं आम्हीं भर चैत्रांत सहा गुलाब आणले. फुलांनीं लहडलेले, प्रत्येकाचा रंग निराळा. घरीं आल्यावर पिशवी फाडून ते तसेच कुंडींत बसविले. वैशाख संपण्यापूर्वीं सहाचे सहा गेले. शेजारच्या एका काकूंनीं मेलेलें रोप उपटून दाखविलें तेव्हां कारण कळलें. मुळांभोंवतींचा लाल चिकणमातीचा गोळा विटेसारखा घट्ट झालेला होता. वरून घातलेलें पाणी त्याच्या कडेनें वाहून जात होतें, आणि आंतलीं मुळें कोरडीच राहिलीं होतीं. त्यांतून खुंटाची एक फूट जोमानें वाढली होती, तिला आम्ही गुलाबाचीच समजून कौतुक करीत होतों. डोळा भरलेल्या जागेच्या खालून येणारी फूट काढावयाची असते, लाल गोळा पाण्यांत बुडवून हलक्या हातानें सैल करावयाचा असतो, कुंडीच्या तळाशीं विटांचे तुकडे, वर शेणखत व पोयटा घालावयाचा असतो, आणि आणलेलें रोप आठपंधरा दिवस सांवलींत ठेवून मगच बदलावयाचें असतें. हें सारें काकूंनीं उभ्या उभ्या सांगितलें. फूल पाहून रोप घेऊं नये, बुंधा व पान पाहून घ्यावें, हेंहि सांगितलें. विकतच्या रोपाबरोबर जें मिळत नाहीं तें हें होय. मागून आणलेल्या फांदीबरोबर असें बोलणें फुकट येत असे.

तेव्हांपासून आम्हीं आमच्या मंडळींत एक शिरस्ता पाडला आहे. खरेदीची फेरी वसंतांत करावयाची. कारण मित्रांसह हिंडण्याची, चहा पिण्याची, किंमतींत घासाघीस करण्याची मौज त्या हवेंतच आहे. पण तेव्हां आणलेलीं रोपें सांवलींत नुसतीं जगवावयाचीं. मृग लागला, एकदोन पाऊस झाले, कीं एका घराच्या गच्चीवर सर्वांनीं जमावयाचें. ज्याचें झाड चांगलें लागलें असेल त्यानें फांद्या आणावयाच्या, गुटी बांधली असेल त्यानें ती उतरवून आणावयाची, आणि वांटणी करावयाची. गेल्या तीन वर्षांत वसंतांतल्या खरेदीपेक्षां मृगांतल्या वांटणीनेंच आमच्या कुंड्या अधिक भरल्या आहेत.

या शिरस्त्याची खरी परीक्षा मात्र गेल्या वर्षीं झाली. आमच्या आळींतला एक जुना वाडा पाडावयाचें ठरलें. त्याच्या आडाजवळ एक अनंत होता आणि मागल्या दारीं एक पारिजातक. आमच्यांतील कित्येकांच्या घरीं मंगळागौरीचीं फुलें तेथूनच आलेलीं. बातमी कळली तेव्हां चैत्र चालू होता, आणि काम आठवड्याभरांत सुरू होणार होतें. मालकांनीं मोकळ्या मनानें हवें तें न्यावयास सांगितलें. पण झाडें मोठीं, मुळांसकट निघण्यासारखीं नव्हतीं, आणि छाट लावण्याचा तो काळ नव्हता. तरी आम्हीं अनंताच्या बारा आणि पारिजातकाच्या दहा काड्या कापून आणल्या, ओल्या गोणपाटांत गुंडाळल्या, चार घरांत विभागून ठेवल्या, आणि पाळीपाळीनें दिवसांतून तीनदां पाणी शिंपडलें. सुट्टीस गांवीं जाणाऱ्यानें आपल्या काड्या शेजाऱ्याकडे सोंपवून जावयाचें, असेंहि ठरलें. मृगाच्या पावसापर्यंत अनंताच्या तीन टिकल्या, पारिजातकाची एक. मागल्या दारींचीं झाडें तोंवर गेलेलीं होतीं.

एकाच महिन्याचा अवधि मिळता तर गुटी बांधून कदाचित् पांचपन्नास रोपें झालीं असतीं. पण पुनर्बांधणीचीं वेळापत्रकें नक्षत्रें पाहून होत नाहींत. आमची सूचना एवढीच आहे: ज्यांच्या आळींत असे वाडे अजून उभे आहेत, त्यांनीं पाडण्याच्या नोटिशीची वाट न पाहतां येत्या पावसाळ्यांतच मागल्या दारीं जाऊन फांदी मागावी. जुन्या झाडाचा पुतळा उभारतां येत नाहीं, त्याचा फोटोहि पुरत नाहीं. पण त्याची काडी लागली तर तें झाडच दुसऱ्या जागीं जिवंत राहतें. अनंताची काडी ही त्या झाडाची आठवण नव्हे, तें तेंच झाड आहे. इतिहासाच्या दुसऱ्या कोणत्याहि साधनास ही सवलत नाहीं.

कुंडींतला पारिजातक परसांतल्यासारखा होणार नाहीं, हें आम्हांस कळतें. त्याच्याखालीं पहांटे सडा पडणार नाहीं; पडलाच तर खालच्या मजल्यावरच्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर पडेल आणि तक्रार येईल. तरीहि गेल्या आश्विनांत त्या एकुलत्या काडीस सात फुलें आलीं. ज्या घरीं ती लागली त्यांनीं तीं सकाळीं मोजून सर्वांस कळविलें, आणि मातोश्रींच्या देवघरांत नेऊन दिलीं. त्यांनीं तीं ओंजळींत घेऊन हुंगलीं, आणि विचारलें, "ही कोणाकडून मागून आणली?" आम्हीं वाड्याचें नांव सांगितलें. "मग बरोबर," असें म्हणून त्यांनीं फुलें देवास वाहिलीं.

येत्या रविवारीं आम्ही पुन्हां सोलापूरच्या रस्त्यास जाणार आहोंत. मोगरा घ्यावयाचा आहे, कढीलिंब घ्यावयाचा आहे, आणि गॅलरींत जागा नाहीं.